जिजाबाईला दिलेला शब्द

ता. ९ मे १९५५, सोमवार

सुमतीचं नाव लागलं! अच्युत मास्तर दुपारच्या मोटारीनं वर्ध्याहून आले ते धापा टाकतच अंगणात शिरले. नॉर्मल स्कूलच्या फळ्यावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आले म्हणे. एक जुलैला हजर व्हायचं. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं. शिकून झालं की मास्तरीण!

सुमती, माझी सून, त्या वेळी समोरच्या जिजाबाईची लुगडी धुवत होती. तिनं हात पदराला पुसले. "हो का?" एवढंच म्हणाली आणि परत धुवायला बसली.

मी म्हणालो, "चांगलं झालं." दोनदा म्हणालो.

अर्ज माझ्याच सांगण्यावरून केला होता, माघात. माझा मुलगा माधव गेला, माझ्या मागं राहील असं वाटलं होतं ते पोर पुढं निघून गेलं. ही सातवी पास, देवळीच्या चांगल्या घरची, अजून सारं आयुष्य उरलेलं. म्हाताऱ्याच्या चुलीपाशी किती दिवस बसवायची? तेव्हा सगळं सोपं होतं. जिजाबाई हिंडतीफिरती होती. चैत्रात तिला वारं झालं, उजवं अंग पडलं. आणि मी बोलून बसलो.

ता. १० मे

काय बोललो ते लिहून ठेवतो. उगाच मनात फिरत राहतं.

जिजाबाई म्हणजे आमच्या समोरच्या घरची. मूल नाही, नवरा कधीचाच वारला. वर्ध्याला बायकांचं एक घर आहे. जिचं कोणी नाही तिला ठेवून घेतात, डॉक्टरीणबाई येऊन पाहते. गावातल्या चार जणांनी ठरवलं, तिला तिथं पोचवावं. गाडी जुंपून दारात आणली. तिला चादरीवर उचलून ओसरीपर्यंत आणलंही. तेवढ्यात मी पुढं झालो. म्हणालो, "जिजाबाईला कुठं न्यायचं नाही. माझ्या बायकोच्या दुखण्यात तिनं रात्रंदिवस केलं. ती आपल्या घरात मरेल. मी आहे!"

गाडी परत गेली. कोणीतरी म्हणालं, माणूस असावा तर असा. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

ता. १२ मे

अच्युत मास्तर आमच्या पडवीच्या खोलीत राहतात. इथं आंजीच्या शाळेत शिकवतात आणि घरून बी. ए. ला बसले आहेत. संध्याकाळी मोठ्यानं वाचतात. आज कर्तव्य, कर्तव्य असं सारखं कानावर येत होतं म्हणून जाऊन बसलो.

म्हणाले, "बंडूजी, सगळी कर्तव्यं एका जातीची नसतात. काही पुरी, काही अपुरी. समजा, तुम्ही तुमच्या शेतावरच्या रूपरावला म्हणालात, मंगळवारी बैल देतो. मग मंगळवारी बैल द्यायचाच. नाही दिला तर रूपराव दारात उभा राहून मागू शकतो, तो त्याचा हक्क झाला. हे पुरं. आता दुसरं — अडल्याला मदत करावी. हेही कर्तव्यच. पण कोणाला, कधी, किती, ते तुमच्या मनावर. कोणी अडलेला येऊन माझा वाटा टाका असं म्हणू शकत नाही. हे अपुरं."

मी विचारलं, "आणि अडलेला माणूस दारातच पडला असला तर?"

मास्तरांनी पुस्तकात पाहिलं. "पुस्तकात दार नाही," म्हणाले आणि हसले.

तिसरी जात पण आहे म्हणे. केलं तर थोर, नाही केलं तर कोणी दोष देत नाही. त्याला कर्तव्य म्हणावं की नाही यावर विद्वानांचं भांडण आहे. मी म्हणालो, एवढ्याशा गोष्टीवर भांडण कशाला? मास्तर म्हणाले, त्यावर प्रश्न येतो.

चौथी इयत्ता शिकलेल्या माणसानं असल्या गोष्टी ऐकू नयेत.

ता. १५ मे

आज जातवारी लावत बसलो.

जिजाबाईचं पुरं. शब्द दिला, कोणाला दिला ते नाव ठरलेलं, चार लोक साक्षीला. शिवाय तिचे उपकार. आनंदाबाईला, माझ्या बायकोला, शेवटी अंथरुणावरून हलता येत नव्हतं, तेव्हा जिजाबाईनं कधी नाक मुरडलं नाही. तेव्हा एकच गोष्ट दोन बाजूंनी बांधलेली.

सुमतीचं? अर्ज भरताना तिनं विचारलं होतं, "मामाजी, नाव लागलं तं जाऊ देसान ना?" मी म्हणालो होतो, "बघू."

आता 'बघू' म्हणजे शब्द दिला असं धरायचं काय? मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "कोण म्हणतो त्यावर आहे." हे काय उत्तर झालं! माझ्या तोंडचं 'बघू' म्हणजे काय ते मलाच कळत नाही. माझ्या बापाच्या तोंडचं 'बघू' म्हणजे नाही असायचं. माझ्या मामांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे हो. मी कोणावर गेलो?

ता. १७ मे

उकाडा. मास्तरांच्या कंदिलाची काच फुटली. रूपराव — माझं वावर मक्त्यानं करतो तो — आंबे देऊन गेला. आंबट. सुमतीनं पन्हं करून आधी जिजाबाईला पाजलं, मग मला.

जाण्याचं ती काही बोलत नाही. मीही नाही.

ता. १९ मे

सकाळी विहिरीवर गेलो. जायला नको होतं. देवकाबाई होती. मागच्या गल्लीतली, तोंडानं फाटकी.

"काय बंडूजी, सूनबाई मास्तरीण होऊन राह्यली म्हनते!"

"नाव लागलं आहे."

"मंग जाते कवा?"

मी म्हणालो, "जिजाबाईचं पाहावं लागतं ना. मी शब्द दिला आहे."

"हो बाप्पा! लय पुण्यवान मानूस तुमी. शब्द तुमचा, अन् गूमूत काढाले सून!"

बाया हसल्या. एक तर बादलीच्या दोरावर वाकून हसली. मी घागर तशीच विहिरीच्या काठावर ठेवून आलो. सुमती जाऊन घेऊन आली.

ता. २० मे

देवकाबाई वाईट बोलते. देवकाबाई खोटं बोलते असं मात्र लिहिता येत नाही.

ता. २२ मे, रविवार

आज दिवसभर नुसतं पाहत बसलो. सुमती सकाळी उठते, आधी तिकडं जाते. जिजाबाईला कुशीवर करते. पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल लावते. भांडं काढते, धुते. अंग पुसते. वेणी घालते. मग आमचा चहा. मग परत तिकडं. भाकरी कुस्करून दुधात भिजवून भरवते. दुपारी कपडे. आणि मी? मी संध्याकाळी जातो, खाटेजवळ बसतो, "कशी आहेस?" विचारतो. ती म्हणते, "हाय तशीच." मग इकडच्या तिकडच्या गोष्टी. दिवा लागला की उठतो.

म्हणजे शब्द पाळतो आहे असं मी ज्याला म्हणत होतो ते हे — संध्याकाळी जाऊन बसणं!

त्या दिवशी ओसरीवर 'मी आहे' म्हणालो तेव्हा सुमती मागं दारात उभी होती. मी वळून पाहिलंसुद्धा नाही. शेजाऱ्याच्या पेरणीला आपली बैलजोडी कबूल करावी, तसं झालं. जोडीला कोण विचारतं?

मास्तरांना हे सांगितलं. म्हटलं, दुसऱ्याच्या हातानं पाळायचा शब्द कोणत्या जातीत बसतो? त्यांनी वहीची पानं उलटली. म्हणाले, "याच्यावर टिपण नाही माझ्याकडं."

ता. २४ मे

स्वतः करायला गेलो. सुमतीला म्हटलं, आज तू बस. ती बसली नाही, दारात उभी राहिली.

भाकरी थापली. फाटली. परत थापली, जाड झाली. तव्यावर एक बाजू करपली, दुसरी कच्ची. तशीच दुधात कुस्करून नेली. जिजाबाईनं एक घास तोंडात घोळवला.

"भाऊ, हे भाकर हाय का जात्याचा दगड?"

"पहिल्यांदाच केली."

"आनंदावयनी वरून पाहून राह्यली असंन. हसून हसून पडंन तिथून!"

तरी खाल्ली. मग मी पाणी भरलं, खोली झाडली, कोपऱ्यातली जळमटं काढली. चांगलं चाललं होतं. तेवढ्यात ती अवघडली. तोंड भिंतीकडं केलं. मी विचारलं, काय हवं? तर म्हणाली, "तुमी बाहीर जा. सुमतीले हाक मारा."

बाहेर जाऊन उभा राहिलो. पुरुषाच्या जातीनं जे करता येत नाही तेच नेमकं कबूल करून बसलो होतो.

ता. २९ मे, रविवार

युक्ती सुचली! एका घरावर कशाला? सगळ्या आळीनं करावं. उन्हं उतरल्यावर घरोघर गेलो. शकुंतलाबाई म्हणाली, "हे सांगाले पायजे काय? आपलं सर्वायचंच हाय ते." प्रमिलाबाईनं डोळ्यांना पदर लावला. देवकाबाईकडं जाताना पाय जड झाले होते, पण तिनं सगळ्यांपेक्षा पटकन हो म्हटलं. वर मलाच बोलली, "पह्यलेच काऊन नाई सांगतलं?"

प्रत्येकीला एकेक वार दिला. सुमती पहिल्या तारखेला जाऊ शकते. माणसं चांगली आहेत. मीच उगाच मनाला लावून घेतो.

ता. १ जून

सोमवारी शकुंतलाबाई आली. अंग पुसलं, भाजी आणली होती. काल प्रमिलाबाई उशिरा का होईना, आली. आज देवकाबाईनं तर जिजाबाईचं डोकं धुतलं आणि पाटीभर भांडणं सांगितली. जिजाबाई खूष.

ता. ४ जून

आज जिची पाळी तिच्या घरी पाहुणे. "सुमती हाय ना घरी?" असा निरोप. आहे. सुमती घरी आहे.

ता. ५ जून, वटपौर्णिमा

कोणीच आलं नाही.

रागावण्यासारखं काय आहे त्यात? सणाचा दिवस, उपास, बाया नटूनथटून वडाला गेल्या. प्रत्येकीला वाटलं, दुसरी जाऊन आली असेल. खरंच वाटलं असेल. मी उन्हं वर आल्यावर सहज डोकावलो तर जिजाबाई ओल्या अंथरुणात पडलेली. हाकही मारली नव्हती तिनं.

मी धावत घरात गेलो. सुमती तांदूळ निवडत होती. सांगायच्या आधीच उठली.

"तुझी पाळी नव्हती आज," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"मले आज कुठं जायचं हाय, मामाजी? वडाले?"

साधंच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मास्तरांच्या अपुऱ्या कर्तव्याचा अर्थ आज कळला. सर्वांचं म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं.

ता. ८ जून

आज सुमतीला सरळ विचारलं. चहा ठेवून जात होती. म्हटलं, बस. काय करायचं तुझ्या मनात आहे? जायचं आहे की नाही?

"तुमी म्हनान तसं."

मला राग आला. म्हटलं, माझं राहू दे. तुझं सांग.

ती बसली नाही. कपाच्या कानाला धरून उभी राहिली. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो —

"मामाजी, तुमी मले विचारू नका. मी जाते म्हटलं तं म्हातारीले टाकून गेली असं होईन. राह्यते म्हटलं तं तुमचा शब्दही राह्यला अन् सून आपल्या मनानं राह्यली असंही झालं. दोन्हीकून तुमी सुटता. हे मायाच तोंडून काऊन पायजे तुमाले?"

असं ती माझ्याशी आजपर्यंत कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर घाबरली. मीही घाबरलो. चहा थंड झाला.

ता. ९ जून

खरं आहे तिचं. मला उत्तर नको होतं, सुटका हवी होती.

ता. ११ जून

मास्तरांना विचारलं, दिलेला शब्द परत घेता येतो काय? ते म्हणाले, देणाऱ्याला नाही घेता येत. ज्याला दिला त्यानं सोडलं तर माणूस मोकळा होतो. हे पुस्तकात पक्कं आहे.

म्हणजे जिजाबाईला विचारायचं. एवढं सोपं! इतके दिवस हे का सुचलं नाही?

ता. १४ जून

गेलो होतो. बसलो. आभाळाच्या गोष्टी केल्या. उठून आलो.

ता. १६ जून

परत गेलो. तोंड उघडलं आणि विचारलं, तपकीर आहे का? आहे म्हणाली.

विचारायला जमत नाही याचं कारण भित्रेपणा हे खरंच. पण दुसरंही आहे. पडलेली बाई. माझ्या घरचं खाते, माझ्या सुनेच्या हातानं कूस बदलते. मी जर म्हणालो, मला शब्दातून सोड, तर ती नाही कसं म्हणेल? ते विचारणं कुठं राहिलं? खाट उचलून बाहेर ठेवण्यासारखंच ते. मास्तरांच्या पुस्तकात सोडणारा आणि सोडवून घेणारा दोघंही पायांवर उभे असतात वाटतं.

मास्तरांना हे म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं! "बंडूजी, हे मी पेपरात वापरू का?" म्हणाले. वापरा म्हटलं. माझ्या काय कामाचं!

ता. १८ जून

पाऊस. जिजाबाईच्या छपरातून गळतं. मी आणि रूपरावनं मिळून खाट दुसऱ्या भिंतीला लावली, कौलं सारखी केली. रूपराव म्हणाला, "काका, आता पेरनी सुरू होईन. मले रोज येनं जमनार नाई." त्यालाही वाटतं मी काहीतरी मागणार आहे.

पहिली तारीख जवळ येते आहे. सुमतीनं पेटी काढलेली नाही.

ता. २१ जून, मंगळवार

आज जिजाबाईनंच बोलावलं. सुमतीला म्हणाली, सासऱ्याला घेऊन ये, तूही बस. वाटलं, हिला आता शेवटचं सांगायचं आहे.

खाटेवर पाठीमागं गोधडीची गुंडाळी लावून बसवली होती तिला. डाव्या हातात तपकिरीची डबी.

"भाऊ, मले वर्ध्याले नेऊन द्या. त्या बायांच्या घरी."

मी म्हणालो, "असं कसं? मी शब्द दिला आहे."

"कोनाले?"

"तुला!"

"मी मागतला होता काय?"

तिनं अंगठ्यानं डबी उघडली.

"चैतात गाडी दारात उभी होती. माया जीव कवाचाच गाडीत जाऊन बसला होता. इतके वर्स या चार भितीसंग बोलून काढले. तिथं बाया हायेत म्हनते, विजेचा दिवा हाय म्हनते, भांडाले मानूस हाय. आता उचलून ठेवतेत म्हटलं, तं तुमी छाती काढून आडवे! चार लोकायसमोर!"

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"तोंड वाकडं झालं होतं ना! नुसतं बं बं करून राह्यली होती मी. तुमी म्हनले, पाहा, रडते बिचारी, जायाची इच्छा नाई."

सुमतीनं पदर तोंडावर धरला. हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही.

"पण नंतर? वैशाखात तर चांगलं बोलायला लागली होतीस!"

जिजाबाईनं डबी मिटली. म्हणाली, "मंग पाह्यलं. तुमी रोज सांजेले येऊन बसता. आनंदावयनी गेली, माधव गेला, तवापासून कोनाजवळ बसले होते तुमी? कोनासंग दोन सबद बोलले होते? म्हटलं, राहू दे. मानसाले वाटते आपन कोनाचं काई करून राह्यलो, त्यानं त्याचे दिवस निघतेत. पडल्यापडल्या मायाकून तेवढंच होत होतं. तेवढं केलं."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या.

"आता काऊन सांगता मंग, मावशी?" सुमतीनं विचारलं.

"आता त्यायचं मन राखता राखता तुई मोटार चुकून राह्यली ना वं!"

ता. २२ जून

काही सुचत नाही. मी तिला सांभाळत होतो. ती मला सांभाळत होती. आणि दोघांनाही सुमती सांभाळत होती. मास्तरांना सांगितलं नाही. त्यांच्या पेपरासाठी नाही हे.

ता. २४ जून

जिजाबाईला पोचवून आलो. रूपरावनंच बैल जुंपले, पेरणी सोडून. सुमती तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत चिखल, चाक रुतलं. जिजाबाई वरून रूपरावला शिव्या देत होती, "मले स्मशानात नेऊन राह्यला का वर्ध्याले?"

घर बरं आहे. लांबच लांब खोली, ओळीनं खाटा. डॉक्टरीणबाईनं पाठ पाहिली आणि म्हणाली, एवढे महिने पडून राहिलेल्या बाईच्या पाठीला एक जखम नाही, कोणी केलं हे? मी सुमतीकडं बोट दाखवलं. आज तरी तेवढं केलं.

आम्ही निघालो तेव्हा जिजाबाईचं खिडकीजवळच्या खाटेवरून शेजारणीशी जुंपलं होतं. आमच्याकडं लक्षसुद्धा नव्हतं तिचं.

ता. २७ जून

गावात आता असं चाललं आहे — बंडूजीनं शब्द मोडला. सुनेच्या पगारासाठी म्हातारीला टाकलं. सांगणारी कोण, तर देवकाबाई! सांगायला जावं तर काय सांगू? तिला जायचंच होतं म्हणालो तर कोण विश्वास ठेवील? पडलेल्या बाईच्या नावानं कोणीही काहीही सांगतो, म्हणतील. मीही सांगितलंच होतं, तिची जायची इच्छा नाही म्हणून.

चैत्रात वाहवा झाली ती चुकीच्या गोष्टीला. आता बोलणी खातो तीही चुकीच्याच गोष्टीला. हिशेब बरोबर आहे असं म्हणावं काय?

संध्याकाळ खायला उठते. कुठं बसावं कळत नाही. आज दोनदा समोरच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. कुलूप आहे.

ता. २९ जून

सुमतीनं पेटी भरली. लोणच्याची बरणी, मीठ, तिखट कुठं आहे ते मला दाखवलं. भाकरी आता बऱ्या जमतात. मास्तर माझ्यासोबत जेवणार, म्हणाले. तो मुलगा चांगला आहे, फक्त जेवताना प्रश्न विचारतो.

ता. ३० जून, गुरुवार

सुमती गेली.

मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाली, "मामाजी, दर शनवारी येईन. शब्द देते."

मी म्हणालो, "देऊ नको. मला नको."

तिनं एकदम वळून पाहिलं. तोंड एवढंसं झालं. आत जाऊन पलीकडच्या बाजूला बसली.

मला म्हणायचं होतं — वाटलं तर ये, नाही वाटलं तर नको येऊ. माझ्यापायी स्वतःला बांधून घेऊ नको. हे सगळं तोंडात आलं तेव्हा मोटार नाल्यापलीकडं गेली होती. तिला काय वाटलं असेल? म्हाताऱ्याला मी परत यायलाच नको आहे!

मास्तर म्हणाले, शनिवारी मी वर्ध्याला जातोच आहे, निरोप सांगतो.

नाही म्हटलं. उद्या पहिल्या मोटारीनं मीच जातो.